वसईचा किल्ला पाहायला जाताय? मुंबईकरांकडून नेहमी येणारे प्रश्न

दर हिवाळ्यात ओळखीपाळखीतून तेच प्रश्न येतात. दादरहून किती वेळ लागतो, तिकीट आहे का, तिथे "पाहण्यासारखं" काय आहे, आणि एवढ्या पडक्या भिंतींना स्मारक का म्हणायचं? (१७३९ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला, म्हणून वसईतले लोक याला स्वातंत्र्ययुद्धाचं स्मारक म्हणतात.) एकेकाला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देण्यापेक्षा सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकलं.

वसई मुंबईत येते का?

कागदोपत्री नाही. वसई तालुका पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ठाण्यात होता. पण विरार लोकलने रोज चर्चगेट गाठणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारून बघा. इतिहासात तर नातं उलटंच होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात वसई हे राजधानीचं शहर होतं आणि मुंबई तिच्या हाताखालचं एक किरकोळ बेट. पोर्तुगीजांच्या 'उत्तरेकडच्या प्रांता'चा कारभार या किल्ल्यातून चाले. ठाणे, साष्टी (आजची मुंबई उपनगरं जिथे आहेत ते बेट), चौल, दमण सगळं इथून बघितलं जाई. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालच्या राजाने मुंबई इंग्रजांना देऊन टाकली. वसई मात्र हातची सोडली नाही, यावरून कशाला किती किंमत होती ते कळतं.

याला स्वातंत्र्ययुद्धाचं स्मारक म्हणणं जरा जास्त होत नाही का? स्वातंत्र्ययुद्ध म्हणजे १८५७.

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. १७३९ मध्ये 'भारत' नावाचं राष्ट्र कुणी स्वतंत्र करत नव्हतं. पेशव्यांना मुलूख हवा होता, महसूल हवा होता, बंदरं हवी होती. पण ही मोहीम सुरू कशी झाली ते पाहा. साष्टी-वसईतल्या लोकांवर धर्माच्या नावाखाली जाच होता. उघड पूजाअर्चेला बंदी होती आणि देवळं पाडली गेली होती. भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी पुण्याला खेटे घातले, वाटा दाखवल्या, माणसं जोडली. 'साष्टीची बखर' वाचली तर हे सगळं सापडतं. परक्या सत्तेखाली दोनशे वर्षं दबलेल्या मुलखाने बाहेरची फौज बोलावली, तिला साथ दिली आणि ती सत्ता कायमची हलवली. याला वसईतले लोक स्वातंत्र्याची लढाई म्हणतात. मलाही त्यात वावगं वाटत नाही. मात्र पुढे ६३ वर्षांनी याच वसईत काय झालं तेही त्याच दमात सांगायला हवं. ते खाली येईलच.

१७३९ मध्ये नेमकं काय झालं?

मोहीम सुरू झाली १७३७ मध्ये. ठाण्याचा कोट पडला, अर्नाळा घेतला, साष्टी बेट हाती आलं. वसई मात्र पडेना. कारण किल्ल्यासमोर उभं राहिलं की लगेच कळतं: पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, बाकीकडे चिखल. पायी हल्ला करायला वाट एकच, उत्तरेकडची वाळूची पट्टी, आणि तिच्यावर तटातल्या तोफांचा थेट मारा.

बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा १७३९ च्या फेब्रुवारीत वेढ्यावर आले. वाळूत चर खणत मोर्चे तटाजवळ सरकवत नेले आणि तटाखाली सुरुंग भरले. दिल्लीकडे नादिरशाह होता, पावसाळा तोंडावर आला होता. जे करायचं ते मे महिन्यातच करणं भाग होतं. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे अशी सगळी मातबर मंडळी इथे गोळा झाली होती. "किल्ला घेता येत नसेल तर माझं मस्तक तोफेला बांधून आत फेका" असं अप्पा म्हणाले, ही आख्यायिका वसईत लहान पोरालाही पाठ आहे. शब्द तेच होते की नाही कोण जाणे, पण घायकुतीला आलेल्या वेढ्याचा सूर त्यात बरोबर पकडलाय.

सुरुंगांना बत्ती दिली तेव्हा आधी घात झाला. काही सुरुंग उडून तटाला खिंडार पडलं, लोक आत घुसले, आणि मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा फुटला तो त्यांच्याच पायाखाली. शेकडो माणसं उडाली. वरून पोर्तुगीज हातबॉम्ब आणि तोफगोळे टाकतच होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला, सेबॅस्टियन बुरूज उडाला आणि मराठे त्या ढिगाऱ्यावर ठाण मांडून बसले. तिथून हलवणं पोर्तुगीजांना जमलं नाही. त्यांचा सेनापती मार्टिन्हो द सिल्व्हेरा आधीच पडला होता. कायतानु द सौझाने शरणागतीवर सही केली.

मराठ्यांच्या स्वतःच्या हिशोबानेही पाच हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. पोर्तुगीजांची आठशेच्या आसपास. एवढी किंमत मोजूनही अटी उदार होत्या. शिबंदीने हत्यारांसह, निशाण फडकवत, नगारे वाजवत बाहेर जावं, ज्यांना जायचं त्यांनी आपली चीजवस्तू घेऊन आठवड्यात निघावं, जे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा. विजयाच्या पोवाड्यांत ही शेवटची अट सहसा गाळतात. मला ती सुरुंगाइतकीच महत्त्वाची वाटते.

काही पुस्तकांत किल्ला ५ मे रोजी पडला असं आहे, वसईतल्या कार्यक्रमांच्या पत्रिकेवर १६ मे. खरी तारीख कोणती?

दोन्ही. त्या काळी इंग्रज जुनी ज्युलियन कालगणना वापरत, पोर्तुगीज नवी ग्रेगोरियन. अठराव्या शतकात दोघांत ११ दिवसांचं अंतर होतं. म्हणून तहाची तारीख एकीकडे ५ मे आणि दुसरीकडे १६ मे, आणि किल्ला रिकामा करून ताबा दिल्याची १२ मे किंवा २३ मे. व्हॉट्सअ‍ॅपवर यावरून भांडणारे दोघेही बरोबर असतात. शाळेच्या प्रकल्पात लिहायचं असेल तर १६ मे १७३९ लिहा आणि कंसात 'नवी कालगणना' टाका.

आत गेल्यावर आधी काय पाहायचं?

बहुतेक जण रिक्षातून उतरतात, रस्त्यालगतच्या चिमाजी अप्पांच्या स्मारकात जातात, पुतळ्यासमोर फोटो काढतात, एका चर्चमध्ये डोकावतात आणि परत. स्मारक जरूर पाहा, नमस्कार करा. पण लढाई पुतळ्यापाशी झाली नाही, ती तटावर झाली. म्हणून माझा आग्रह असतो: आधी उत्तरेकडचा तट.

भूदरवाजा म्हणजे जमिनीकडचं तोंड. आत शिरताना वाट सरळ नाही, वळणावळणाने जाते. हल्लेखोराला धाव घेता येऊ नये, दार फोडायला हत्ती आणला तरी त्याला अंतर मिळू नये, हा त्यामागचा हिशोब. तिथून तटावर चढायला जिथे सोपी जागा आहे तिथे चढा आणि बाहेर पाहा. आज झाडी आणि घरं दिसतात, पण जमिनीची पातळी आणि तटाची उंची डोळ्यांनी मोजता येते. ती मोजली की उत्तरेकडून आलेल्या माणसांनी काय केलं ते कळतं, पुतळ्यावरच्या पाटीवरून नाही कळत.

मग बालेकिल्ला. हा सगळ्यात जुना भाग, गुजरातच्या सुलतानांच्या वेळचा. १५३४ मध्ये बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यांनी या जुन्या कोटाला पोटात घेऊन भोवती शंभर एकरांहून मोठं तटबंद शहर उभं केलं. साडेचार किलोमीटरच्या आसपास तट आणि त्यात दहा-अकरा बुरूज. आत घरं, तुरुंग, दवाखाना, बाजार, मठ. एकूण काय, किल्ला या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर जे रायगड-राजगड येतात तसलं हे काही नाही. चढण शून्य.

चर्चच्या अवशेषांत घाई करू नका. सेंट जोसेफचं उंच मनोरा असलेलं चर्च फोटोंमुळे सगळ्यांना माहीत असतं. मला फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी चर्च जास्त आवडतं. छप्पर केव्हाच गेलंय, कमानी उभ्या आहेत, आणि खाली फरशी म्हणून जे आहे ते खरं तर थडग्यांचे दगड. पालापाचोळा हाताने बाजूला केला की पोर्तुगीज अक्षरं दिसतात. कुठे घराण्याचं चिन्ह, कुठे नुसतं नाव, निम्मं झिजलेलं. चपलांनी झिजलंय ते, आपल्याच. कडेकडेने चाला. भिंतींचा चुना जवळून बघा, जागोजागी शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले दिसतात.

शेवटी सागरी दरवाजा. लोखंडी पट्ट्या ठोकलेलं जुनं लाकडी दार, आणि बाहेर पडलं की थेट किल्लाबंदरचा धक्का, होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी. इथल्या कोळ्यांसाठी हा 'हेरिटेज पॉइंट' नसून रोजची वाट आहे. बायका टोपल्या घेऊन जात असतील तर फोटोसाठी अडवू नका.

सगळं नीट पाहायला तीन-चार तास धरा.

इतकी चर्च असलेला किल्ला मराठ्यांच्या विजयाचं स्मारक कसा? तिथल्या ख्रिस्ती लोकांना काय वाटतं?

ज्यांना वाटतं की वसईत दोन बाजू समोरासमोर उभ्या आहेत, त्यांनी एक दिवस वसई गावात काढावा. इथला ख्रिस्ती समाज मराठी बोलतो. कुपारी असो वा वाडवळ, घरातली बोली इथलीच, शेतीवाडी इथलीच. किल्ल्यातलं जेझुइटांचं चर्च लोक गोन्सालो गार्सियाचं चर्च म्हणून ओळखतात. गोन्सालो वसईचा मुलगा, १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत घोषित झाला. त्याच तटाच्या आत नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे. फेब्रुवारीत संताच्या सणाला लोक येतात, मे महिन्यात विजयोत्सवाला येतात, आणि यातले बरेच चेहरे तेच असतात. भांडण बाहेरून आलेल्याला दिसतं, वसईकराला फारसं नाही.

चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या म्हणतात. त्या कुठे आहेत?

देवळांत. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच. तिच्यामुळे 'नारोशंकराची घंटा' हा शब्दप्रयोगच रूढ झाला. वसई आणि आसपासच्या पोर्तुगीज मुलखातून विजयाची खूण म्हणून त्या हत्तीवरून मिरवत गेल्या असं सांगतात. पुढच्या वेळी भीमाशंकरला गेलात तर घंटा वाजवून पुढे सरकू नका, तिच्यावरचं कोरीव काम वाचा.

मग हा एवढा ओसाड का पडला? डागडुजी का करत नाहीत?

१७३९ नंतर मराठ्यांनी किल्ला वापरला, पण पोर्तुगीजांचं शहर उठून गेलं ते गेलंच. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज जनरल गॉडर्डने वसई घेतली, साल्बाईच्या तहात परत केली, १८१८ नंतर ती कायमची त्यांची. ब्रिटिश काळात आत ऊस लावून साखरेचा कारखानाही चालवून झाला. दगड कुणी कुणी नेले ते वेगळंच. छपरं गेली, वडा-पिंपळांनी भिंतींत मुळं घातली.

आता किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित स्मारक म्हणून आहे. खात्याचं धोरण भग्न वास्तू आहे तशी टिकवायची, नवीन बांधून चकाचक करायची नाही, असं आहे. मला ते पटतं. पडलेला बुरूज पुन्हा रचला तर लढाईचा पुरावाच बुजेल. झाडं काढणं, भेगा भरणं, कचरा उचलणं एवढं वेळेवर झालं तरी पुष्कळ, आणि ते पुरेसं होत नाही हीही खरी गोष्ट आहे.

वसईचा तह म्हणजे हाच किल्ला जिंकल्याचा तह का?

नाही, आणि इथेच सगळे गोंधळतात. परीक्षेत विचारतात तो वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. पुण्यात होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला वसईत आला आणि तैनाती फौज कबूल करून बसला. परराष्ट्र व्यवहार गेला, स्वतःच्या राज्यात इंग्रजी पलटण बसली, पुढच्या वर्षी दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. चिमाजी अप्पा या दुसऱ्या बाजीरावाचे चुलत आजोबा. आजोबांनी पाच हजार माणसं खर्ची घालून जिथून एक परकी सत्ता घालवली, तिथेच नातवाने दुसरीला सही करून घरात घेतलं. किल्ल्यात या दुसऱ्या तारखेचा सोहळा कुणी करत नाही, साहजिक आहे. पण मुलांना घेऊन गेलात तर दोन्ही तारखा सांगा. एकच सांगितली तर अर्धाच किल्ला दाखवल्यासारखं होतं.

१७३९ च्या विजयाचा मुंबईवर काही परिणाम झाला का?

झाला तर! इंग्रजांची पाचावर धारण बसली. कॅप्टन इंचबर्डला लगबगीने चिमाजी अप्पांकडे बोलणी करायला पाठवलं. आणि मग मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला, त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढली. आपण आज फोर्टमध्ये फिरतो त्या भागाची ती हद्द.

जायचं कसं?

पश्चिम रेल्वेने वसई रोड. चर्चगेटहून जलद लोकलला तासाभरापेक्षा थोडं जास्त. मध्य रेल्वेवाल्यांना दादरला बदलता येतं किंवा दिवा–वसई गाडी पकडता येते, पण तिच्या फेऱ्या कमी, वेळ बघून निघा. स्टेशनच्या पश्चिमेला उतरा. तिथून महापालिकेची बस किंवा शेअर रिक्षा, पारनाक्यावरून किल्ल्याकडे, सात-आठ किलोमीटर. रिक्षावाल्याला नुसतं 'वसई गाव' सांगू नका, 'किल्ला' म्हणा.

रविवारी जात असाल तर आदल्या रात्री जम्बो ब्लॉक आहे का ते बघा. सकाळी विरारकडे जाताना बसायला जागा मिळते. संध्याकाळी परततानाही दिशा उलटी असल्याने हाल होत नाहीत. शनिवारी संध्याकाळी चर्चगेटकडून येणाऱ्या विरार फास्टमध्ये चढून 'किल्ला बघायला निघालोय' म्हणाल तर मात्र लोक हसतील.

स्वतःची गाडी घेऊन?

घोडबंदर रस्त्याची कोंडी सहन होत असेल तर. दुसरा पर्याय भाईंदर–वसई रो-रो बोट, २०२४ मध्ये सुरू झाली. गाडी बोटीत चढवायची आणि खाडी ओलांडून किल्ल्याच्या अंगाला उतरायचं. वेळापत्रक भरती-ओहोटीप्रमाणे बदलतं, आधी विचारून घ्या. मुलांना किल्ल्याइतकीच ही बोट आवडते.

तिकीट किती? वेळ काय?

तिकीट नाही. सकाळ ते सूर्यास्त. किल्ल्यातून गावाचा रस्ता जातो म्हणून रात्रीही वर्दळ दिसते, पण अंधारात अवशेषांत शिरू नका.

पाणी, खाणं, स्वच्छतागृह?

पाणी घरून न्या, प्रत्येकी एक मोठी बाटली. स्वच्छतागृहाचं काम स्टेशनवर किंवा पारनाक्याला उरकून घ्या. आत काही मिळेल या भरवशावर राहू नका. जेवायला वसई गावात परत या, मासळी ताजी मिळते.

पावसाळ्यात जावं का?

दिसायला सुंदर, चालायला वाईट. शेवाळ्यावरून पाय सटकतो, गवतात साप असतात, भिंतींचे दगड सैल होतात. जायचंच तर तटावर चढू नका. सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. एप्रिल-मेमध्ये उकाड्याने जीव नकोसा होतो. हां, मे महिन्यात भर दुपारी तटावर दहा मिनिटं उभं राहिलं की त्या वेढ्यातल्या शिपायांचं काय झालं असेल त्याचा अंदाज येतो, पण हा प्रयोग आजी-आजोबांवर करू नका.

आजी-आजोबा आणि लहान मुलं?

चढ नाही, त्यामुळे जमतं. स्मारक, देवळं आणि एखादं चर्च एवढं रिक्षा थांबवून होतं. मनोऱ्यातले गोल जिने अरुंद आणि अंधारे आहेत, मुलांना तिकडे सोडू नका. विहिरींपासूनही जपून.

प्री-वेडिंग शूट, ड्रोन, रील्स?

मोबाइलवर फोटो काढायला कुणी अडवत नाही. व्यावसायिक चित्रीकरणाला आणि ड्रोनला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. खात्याच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्याजवळ आहे. इथे हिंदी सिनेमांचं आणि परदेशी बँडच्या गाण्याचंही चित्रीकरण झालंय हे खरं, पण त्यांच्याकडे कागद होते. थडग्यांच्या दगडांवर उभं राहून धुराच्या नळकांड्या फोडणाऱ्या नवरा-नवरीला काय म्हणावं, हे ज्याने त्याने ठरवावं.

भिंतीवर नाव कोरलं तर काय होतं?

संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बदामात नाव कोरण्यासाठी हे फार महाग आहे. बाटल्या, केकचे खोके, थर्माकोलच्या थाळ्या सोबत परत न्या.

एका दिवसात आणखी काय जोडता येईल?

सकाळी वसई केली तर दुपारनंतर अर्नाळा. विरार पश्चिमेहून किनारा, तिथून होडीने बेटावरचा किल्ला. त्याच मोहिमेतला, १७३७ मध्ये घेतलेला, आणि दरवाजावर बाजीरावाच्या नावाचा शिलालेख आहे. स्वतःचं वाहन असेल तर वज्रेश्वरी गाव, किल्ल्यातलं देऊळ वेगळं. वसई मिळाली तर देऊळ बांधीन असा नवस चिमाजी अप्पांनी तिथे बोलल्याचं सांगतात. टेकडीवरचं देऊळ बाहेरून किल्ल्यासारखंच दिसतं, पायऱ्या ५२. तिन्ही एकाच दिवशी करायला जाऊ नका, धावपळीत कशाचीच गंमत राहत नाही.

येताना घरी काय आणावं?

हंगाम असेल तर सुकेळी, म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली. पारनाक्याच्या बाजारात विचारा. सोनेरी-तपकिरी, किंचित चिकट, केळीच्या सोपटात बांधलेली असतील ती घ्या. काळी पडलेली घेऊ नका. सुकी मासळी घेतलीत तर दोन पिशव्यांत बांधा, परतीचा डबा लोकलचा आहे.